परत येण्याचा पुरावा

४ तारीख, सोमवार

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे परदेशातल्या एका हॉस्पिटलातली मोठी सिस्टर होती. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या आमच्या कारखान्याने त्यांना पाठवल्यात. त्यातल्या निम्म्यांचा भोंगा ऊठसूट वाजतो. पेटीत ऊब नीट, बाळ नीट, आणि भोंगा आपला बोंबलतोय.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"भोंग्यात कापूस कोंबतो," बाई अगदी शांतपणे म्हणाली. "नाहीतर बाकीची बाळं दचकून उठतात. तुम्ही येईपर्यंत दुसरं काय करणार?"

तो भोंगा मी बसवलाय. त्याचा आवाज कसा असावा यावर मी महिनाभर डोकं फोडलंय. आणि एखाद्या पेटीची ऊब खरोखर गेली तर? कापसाआडून कुणाला ऐकू येणार? साहेब फोन ठेवून हसत म्हणाले, "बाई भारी आहे हं!" त्या हसण्याची शिसारी आली.

जायचं मी. सेन्सरचं काम माझं, त्यामुळे दुसरं कोणी जाऊन उपयोग नाही. व्हिसाचं विचारलं तर म्हणाले, "होईल हो. आपला एजंट आहे ना."

घरी सांगितल्यावर दादाचा हात ताटातच थांबला. "तूच कशाला? तुमच्याकडे दुसरी माणसं नाहीत?" वहिनीने विचारलं, "आणि आईंचं?" मी बोलायच्या आत स्वतःच उठून पाणी आणायला गेली. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिची आंघोळ, औषधं, उठणं-बसणं सगळं माझ्याकडे आहे. आई काय म्हणाली? "किती दिवस?" मी म्हटलं दोन आठवडे. "बरं," म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मुलगी पहिल्यांदा परदेशी निघालीय. एक शब्द बरा निघेल तर शपथ.

६ तारीख, बुधवार

एजंटचं मी मधाळ असं नाव ठेवलंय. बोलताना ओठांना ओठ चिकटतात त्याचे. ऑफिसात खोट्या गुलाबांचा वास मारलेला, त्याखाली ओल्या गालिच्याचा वास. खुर्ची पुढे ओढून तो इतका जवळ आला की मी माझी मागे सरकवली.

"मॅडम, कागद छान आहेत. पण ओढ दिसत नाही."

"कसली ओढ?"

"मागे ओढणारं काहीतरी हवं ना. नाहीतर त्यांना वाटतं, गेली ती गेली. मिस्टर?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे वारले, की...?"

"लग्न केलं नाही."

"अच्छा अच्छा. मुलं म्हणजे नाहीतच." स्वतःच्याच विनोदावर हसला. "घर?"

"भावाच्या नावावर आहे."

मग त्याने पेन खाली ठेवलं आणि डोकं एका बाजूला कलतं केलं, पेशंट जाणार हे कळल्यावर डॉक्टर करतात तसं. "मग मॅडम, खरं सांगा, तुम्ही परत कशाला याल?"

चेहऱ्यावर थुंकावंसं वाटलं. वयाची पंचेचाळिशी उलटली, हाताखाली सहा माणसं आहेत, माझ्या पेट्यांतून किती बाळं घरी गेली असतील. आणि हा माणूस मला विचारतोय, तुला बांधून ठेवायला काय आहे? म्हणजे गाय असते तर खुंटा दाखवला असता.

"आई आहे," मी म्हटलं.

"आई!" तो खुलला. "आजारी?"

"वॉकर घेऊन चालते. थोडंफार."

"बघतो मी. भावांचा नंबर देऊन ठेवा."

दिला. घरी आल्यावर साबणाने हात धुतले. त्याने हात मिळवला होता.

९ तारीख, शनिवार

फोटो. त्यांच्या नियमात फोटोला दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत. स्टुडिओतल्या आरशाला दोरीने कंगवा बांधलाय, त्यात जगातल्या सगळ्या रंगांचे केस. खुंटीला एक काळा कोट, येईल त्याने चढवायचा. कॉलर मेणचट झालेली. "मॅडम, कोट घाला, इम्प्रेशन पडतं." मी घातला नाही. कंगव्याला हात लावला नाही. फोटोत मी एखाद्याचा खून करून नुकतीच बाहेर पडल्यासारखी दिसते. फोटोवाला म्हणाला, "परफेक्ट, असाच लागतो."

रात्रीच्या जेवणाआधी दादाने कागदांचा गठ्ठा समोर टाकला. त्याचं पत्र, डॉक्टरांचा दाखला, अर्ज, आणखी काय काय. "मधाळने सांगितलं तसं सगळं तयार आहे, तू फक्त सह्या कर." (दादासुद्धा त्याला मधाळच म्हणायला लागलाय.) मी सह्या केल्या. वाचलं नाही. "मी गुन्हेगार नाही", "मी पळून जाणार नाही", "मी कुणावर भार होणार नाही" असल्या वाक्यांखाली सही करून करून मळमळायला लागलं होतं. आई म्हणाली, "बघू." चष्मा लावून एकेक कागद वाचत बसली. तिला काय कळणार त्यातलं! शेवटी गठ्ठा नीट लावून परत दिला आणि दादाकडे बघत राहिली. दादा फोन आलाय म्हणून गॅलरीत गेला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

११ तारीख, सोमवार

आईचं काहीतरी बिनसलंय. सकाळी आंघोळीला न्यायला गेले तर म्हणाली, "तू नको. सुनेला बोलाव."

"का? माझं काय चुकलं?"

"चुकलं कशाला पाहिजे? सून आहे माझी. तिलाही कळू दे मी किती जड आहे ते."

वहिनी बिचारी हातातलं काम टाकून आली. आत बराच वेळ आदळआपट चालू होती. "अगं, काखेत धर, हातात नको, पडशील मला घेऊन!" वहिनी बाहेर आली तेव्हा आईपेक्षा जास्त भिजलेली. मी टॉवेल घेऊन दाराशी उभी, वर्षभराची नोकरी गेलेल्या माणसासारखी.

मी उपसायचं तेवढं उपसलं, आता सून गोड लागायला लागली. जाऊ दे.

१४ तारीख, गुरुवार

बोटांचे ठसे द्यायला गेले होते. काचेची मशीन, तिच्यावर आधीच्या माणसाच्या बोटांचा तेलकट पट्टा. माझे ठसे उठेनात. वर्षानुवर्षं गरम तारा आणि सफाईची रसायनं हाताळून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. मशीनवरच्या माणसाने मला न विचारता माझा अंगठा पकडला आणि काचेवर दाबला. मग बादलीतलं ओलं फडकं काढून माझी बोटं पुसली. ते फडकं! सकाळपासून किती जणांची बोटं त्यानेच पुसली असतील.

"काय काम करता?"

"लहान बाळांसाठी यंत्रं बनवते."

"ठसे नसलेली माणसं दोनच प्रकारची येतात, एक राबणारी," तो शेजारच्याला म्हणाला. दोघं हसले. दुसरा प्रकार कुठला ते मी विचारलं नाही.

शेवटी उठले कसेबसे. मुलाखत बुधवारी.

ऑफिसात परतले तर टाय माझ्या टेबलावर बसलेला. टाय म्हणजे आमचा विक्रीतला पोरगा, उन्हाळ्यातही गळ्यात टाय. त्याच्या पासपोर्टवर तिकडचा शिक्का आधीच आहे, दोन वर्षं चालणारा. "ताई, नाही झालं तुमचं तर मी जाऊन येतो. तुम्ही फोनवर सांगत राहा, मी करत राहतो." वर मला बिस्किटं पुढे केली. गिधाडं निदान मरायची वाट तरी बघतात. साहेबांनी लगेच दुजोरा दिला, "पंधरा दिवसांत नाही आला व्हिसा तर हाच जाईल. गिऱ्हाईक हातचं घालवायचं नाही."

गिऱ्हाईक म्हणे.

१५ तारीख, शुक्रवार

मोठ्या सिस्टरचा फोन. यावेळी थेट मला. काल दुपारी एका पेटीची ऊब खरोखरच गेली. भोंगा वाजला असणार, पण कापसात. ती सहज फेरी मारत होती, हात आत घातला तर बाळाचे पाय गार. छातीशी धरून बसली तासभर. बाळ ठीक आहे.

"कापूस काढा," मी ओरडले.

"सगळे वाजायला लागले की त्यातला खरा कुठला, सांगता तुम्ही?" तिचा आवाज चढला नाही. "कधी येताय?"

मी सांगितलं, फोटोत माझे कान दिसतायत, ठसेही दिलेत, आता मला मागे ओढणारं काहीतरी आहे एवढं सिद्ध करायचं राहिलंय. ती म्हणाली, "त्यांना माझ्याशी बोलू दे. मी सांगते तुम्हाला इकडे ओढणारं काय आहे."

आज दिवसभर काही खावंसं वाटलं नाही.

१७ तारीख, रविवार

आई पडली. फार नाही. दुपारी आम्ही लवंडलो होतो, तेव्हा एकटीच वॉकर घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली आणि उंबऱ्याशी बसकण मारली. मी धावले तर हात झटकला. "मला उठता येतं का बघू दे!" खाली बसून खुर्चीला धरून, घामाघूम होत, दातओठ खात उठली एकदाची. ढोपर काळंनिळं.

मी फार बोलले. "मला जायचंय हे दिसत नाही? आत्ताच ही थेरं सुचली? आणखी काही मोडलं तर मी कुठे जाणार आहे?" ती ऐकून घेत होती. वहिनीला म्हणाली, "उद्या पुन्हा. तू मागे उभी राहा, धरायचं नाही." वहिनीने चक्क मान हलवली!

या घरात सगळ्यांनी मिळून मला अडवायचं ठरवलंय. आईसुद्धा त्यात आहे याचंच जास्त लागतं.

२० तारीख, बुधवार

हे सगळं आजच लिहून ठेवायला हवं.

सकाळी आवरून बाहेर आले तर आई दारात. चांगले कपडे, पायात बूट, हातात वॉकर. "मी येणार."

"कुठे?"

"तू जातेस तिथे. वर्ष झालं मी रस्ता बघितला नाही. जाता जाता मला फिरवून आण."

आजचाच दिवस सापडला होता तिला! मी समजावलं, रागावले, दादाला हाक मारली. दादा म्हणाला, "आई, तू कशाला तिथे? तू नकोच जाऊस," आणि मला वाटलं, चला, याचा पहिल्यांदा उपयोग झाला. पण आईने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो आत निघून गेला. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या त्यांना, ताई." उशीर होत होता. टॅक्सीत घातली तिला.

फाटकावर पहारेकरी. "फक्त अर्जदार आत." आईला समोरच्या बाकावर बसवलं आणि आत गेले. आत बसलेल्या सगळ्यांच्या मांडीवर फायली, सगळ्यांचे चेहरे फोटोतल्यासारखे. माझ्या शेजारचा माणूस पुटपुटत उत्तरं पाठ करत होता, आणि त्याच्या घामाचा वास येत होता. मग लक्षात आलं, वास माझाच होता.

काचेपलीकडे एक बाई. वयाने माझ्याएवढी, केस घट्ट बांधलेले. कामाचं काय काय विचारलं, ते सगळं सांगितलं. मग तिने एक कागद वर केला.

"तुमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत?"

"नाही," मी म्हटलं.

"डॉक्टरांच्या दाखल्यात आहे. स्वतः उठू शकत नाहीत. आणि भावाचं पत्र. 'माझ्या बहिणीशिवाय आईचं करणारं घरात कोणीही नाही. ती नसेल तर आईच्या जिवाला धोका आहे.'" तिने कागद खाली ठेवला. "मग तुम्ही जाताच कशा?"

कानशिलं तापली. मधाळचे ते चिकट ओठ डोळ्यांपुढे आले. माझ्या आईला मला न सांगता पलंगावर आडवी केली यांनी, आणि त्याखाली माझी सही! क्षणभर वाटलं, हो म्हणावं. नर्स ठेवलीय म्हणावं. असल्या ठिकाणी सगळे असंच काहीतरी म्हणत असणार.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "मी वाचलं नव्हतं, ती चूक माझी. आई चालते. हळू चालते, पण चालते."

"तुमच्याकडे तसं काही आहे का? दाखवायला?"

"आई आहे. खाली आहे. फाटकासमोर बसवून आलेय."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सारली, खिडकीशी गेली आणि दोन बोटांनी पडदा बाजूला केला. बराच वेळ उभी होती. मला घाम फुटला, आई पुन्हा पडली की काय.

"बाकावर नाहीत त्या," ती म्हणाली. "निळा स्वेटर?"

"हो."

"रस्ता ओलांडून फाटकाशी आल्यात. आमच्या माणसावर वॉकर उगारतायत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तसंच करते ती," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाई परत येऊन बसली. चेहरा सरळच, पण कागद लावायला जरा जास्तच वेळ घेतला. "मग अंथरुणाचा प्रश्न मिटला. आता मला सांगा, तुम्ही परत का याल?"

एवढं पाठ केलं होतं. नोकरी, आई, घर, देश. "तिथे भोंग्यांत कापूस कोंबलाय," मी म्हटलं. "तो निघाला की काम संपलं. मग तिथे थांबून काय करू?"

"आणि इथे काय करता?"

"इथे सगळं मीच करते!" मी जवळजवळ ओरडलेच. आजूबाजूच्या खिडक्यांवरची माणसं वळून बघायला लागली. एवढ्या साध्या प्रश्नावर का भडकले कोण जाणे. बाईने काहीतरी लिहिलं, पासपोर्ट ठेवून घेतला, "कळवू" म्हणाली.

बाहेर आले तर आई लाल झालेली, पहारेकरी पिवळा. "मला आत सोडत नव्हता," ती म्हणाली. "म्हटलं, आतल्या मोठ्या साहेबांना नुसतं एकदा चालून दाखवते."

"कशाला पण? शोभा केलीस माझी!"

"झाली का? बरं झालं. चहा पाज."

२१ तारीख, गुरुवार

दादाला विचारलं. "असं का लिहिलंस?"

"मधाळने सांगितलं तसं लिहिलं. तुझ्या चांगल्यासाठीच." बोलताना बुटाची नाडी बांधत होता, आधीच बांधलेली.

मधाळला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "मॅडम, मी 'आजारी' एवढंच लिहा म्हटलं होतं. पुढचं भावांनी स्वतःच्या मनाने घातलं. मीच म्हटलं, एवढं नको, उलटेल." काय पण थापाड्या माणूस! उघडा पडला तरी दुसऱ्यावर ढकलतोय. पुन्हा फोन उचलणार नाही त्याचा.

संध्याकाळी वहिनी माझ्या खोलीत आली. उगाच चादर झटकली. "ताई, रागावू नका यांच्यावर. घाबरलेत. मीही घाबरले होते. तुम्ही नसलात तर काय, हे आम्ही कधी बघितलंच नाही ना." मी म्हटलं, दोन आठवड्यांनी परत येणार आहे मी. ती म्हणाली, "हो, ते आहेच."

२६ तारीख, मंगळवार

पाकीट आलं. घाईत फाडताना पासपोर्टचा कोपरा दुमडला. मिळाला. दोन आठवडे मागितले होते, तीन महिन्यांचा दिलाय. एवढं कशाला? न मागता जास्त देणाऱ्यांचा मला नेहमी संशय येतो.

साहेबांनी टाळी दिली, जणू त्यांनीच रांगेत उभं राहून आणला. टाय म्हणाला, "बरं झालं ताई, मला त्या सेन्सरमधलं ओ की ठो कळत नाही, रात्रभर झोप नव्हती मला," आणि तिकडच्या सॉकेटला लागणारी आपली पिन मला देऊन टाकली. पिन घेतली. त्याच्यावरचा राग काढायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

३ तारीख, बुधवार

इथे पोहोचून तीन दिवस झाले, लिहायला फुरसत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या भोंग्यांतला कापूस मी स्वतःच्या हातांनी उपसला. पिवळा पडलेला, एकात तर केस आणि धूळ. तो गोळा टोपलीत टाकताना ओकारी आली, आणि बरंही वाटलं.

दोष सापडला. पेट्या पुसायचं यांचं औषध हवेच्या सेन्सरवर वाळतं आणि पांढरा थर धरतं. सेन्सरवरची जाळी निघाली असती तर पुसता आला असता, पण ती जाळी मी अशी घट्ट बसवलीय की कुणाच्या बापाला निघणार नाही. स्वतःचीच चीड आली. काल आणि आज थर पुसून निघणाऱ्या जाळ्या बसवल्या.

संध्याकाळी एक भोंगा वाजला. एकच. मोठी सिस्टर आणि मी एकदमच त्या पेटीपाशी पोहोचलो. बाळाच्या पोटावरची ऊब मोजणारी तार सुटली होती. तिने चिकटवली, भोंगा थांबला. बाकीची बाळं उठलीसुद्धा नाहीत. सिस्टरने नुसता माझा दंड दाबला. ती प्रत्यक्षात बुटकी आहे. फोनवर उंच वाटायची.

१२ तारीख, शुक्रवार

काम संपत आलंय. सिस्टर म्हणते, शेजारच्या दोन गावांतल्या हॉस्पिटलांतही आमच्याच पेट्या आहेत आणि तिथेही कापूस आहे. आणखी महिनाभर राहाल का? मी म्हटलं, घरी विचारावं लागेल, आईला सोडून एवढे दिवस जमणार नाही.

घरी फोन लावला. फार वेळ वाजला. दादा-वहिनी बाहेर असावेत. ठेवणार तेवढ्यात आईने उचलला. धापा टाकत होती.

"कोण आणून दिला तुला फोन?"

"कोण आणून देणार? मी आले उठून. काय आहे?"

मी सांगितलं, महिनाभर राहा म्हणतायत. तुझं कसं होईल म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही.

"माझं काय व्हायचंय?" ती फिस्कारली. "मला आत्ता वेळ नाही. सून दूध गॅसवर ठेवून खाली गेलीय, उतू जाईल. ठेव फोन."

"अगं पण—"

"राहा म्हणतेय ना! ठेव."

ठेवला तिने. मुलगी दोन आठवडे डोळ्यांआड आहे, आणि हिला दुधाची पडलीय! कुणाला माझी गरज म्हणून नाही तिथे. इतका राग आला की कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत आले.

मग सिस्टरला जाऊन सांगितलं, राहते.